बारा व्होल्टची वहिवाट: फिरत्या घरांतील सौर विजेचा इतिहास

गाडीच्या छपरावर सोलर पॅनेल, आत एक बॅटरी आणि दोन्हींच्या मध्ये बॅटरी जादा भरू न देणारा चार्ज कंट्रोलर, एवढ्याच मांडणीवर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील कॅम्पर गाड्यांचे दिवे, पंखे आणि फ्रिज आज चालतात. मांडणी साधी दिसते, पण तिचे बहुतेक भाग गाडीत मुक्काम करणाऱ्यांसाठी म्हणून कोणी बनवलेलेच नव्हते. पॅनेल उपग्रहांवर रुजले आणि समुद्रातील तेलविहिरींवर स्वस्त झाले. बॅटरी गोल्फच्या मैदानावरून आली. या सगळ्यांना एकत्र बांधणारा १२ व्होल्ट हा आकडा ठरला तो मोटार कारखानदारांच्या सोयीने, आणि ठरला तेव्हा सौर विजेचा विचार त्यांच्या मनातही नव्हता.

शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये शिशाच्या पट्ट्यांवर लेप देण्याची पद्धत काढली आणि तिचे कारखान्यात उत्पादन शक्य झाले. मोटारीत तिला कायमची जागा मिळाली १९१२ मध्ये. त्या वर्षी कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर बसवला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. पुढे चार दशके बहुतेक अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवर चालल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिने मोठी झाली, त्यांच्यातील दाब वाढला आणि थंडीत ती फिरवायला ६ व्होल्ट अपुरे पडू लागले. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्ससह अमेरिकी कंपन्या १२ व्होल्टवर गेल्या. फोक्सवॅगनने हा बदल १९६७ च्या मॉडेलपर्यंत लांबवला. शिशाच्या बॅटरीतील एका घराचे, म्हणजे सेलचे, सुमारे २ व्होल्ट, म्हणून बॅटरीत सहा घरे. पुढचा सगळा इतिहास या सहा घरांभोवती फिरतो.

त्या काळच्या फिरत्या घरांना विजेची फारशी गरज नव्हती. वॉली बायम यांनी १९३०च्या दशकात सुरू केलेल्या एअरस्ट्रीम ट्रेलरमध्ये काय किंवा १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी सजवून देत असलेल्या फोक्सवॅगन गाड्यांमध्ये काय, स्वयंपाक गॅसवर किंवा स्पिरिटवर होई आणि थंडावा बर्फाच्या पेटीतून मिळे. पुढे फ्रिजही गॅसवर आला. स्वीडनमधील बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या शोषण-पद्धतीच्या फ्रिजमध्ये एकही फिरता भाग नाही. ज्योतीच्या उष्णतेवर तो चालतो. त्यामुळे विजेचा खर्च एक-दोन दिवे, रेडिओ आणि फार तर पाण्याचा पंप एवढाच राहिला. तोही गाडीच्याच बॅटरीवर पडे, आणि रात्री दिवा जास्त वेळ राहिला की सकाळी इंजिन सुरू होत नसे.

यावर दुसरी बॅटरी हा उपाय निघाला. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला. कमी वेगातही भरपूर वीज देणारे हे यंत्र काही वर्षांत सर्व अमेरिकी गाड्यांत आले, आणि दोन बॅटऱ्या भरण्याइतकी वीज हाती आली. गाडीची बॅटरी आणि घराची बॅटरी वेगळी ठेवण्यासाठी रिले किंवा डायोड वापरत. डायोडची पद्धत निर्धोक, पण तिच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक विद्युतदाब वाया जातो. शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी १४.४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तो न मिळाल्याने घराची बॅटरी कायम अर्धपोटी राही, पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसे आणि वर्षा-दोन वर्षांत ती निकामी होई. दोष बॅटरीवर ढकलला जाई, खरा दोष जोडणीत असे.

दरम्यान सूर्यप्रकाशापासून वीज करण्याचे काम वेगळ्याच वाटेने चालले होते. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेरल्ड पीअर्सन यांनी सिलिकॉनचा सौर सेल तयार केला आणि २५ एप्रिल १९५४ रोजी तो जाहीर झाला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची तो वीज करी. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस गावात टेलिफोनच्या तारेवर त्याची चाचणी झाली. यंत्रणा चालली, पण खर्च परवडला नाही. १९५८ मध्ये व्हॅन्गार्ड-१ उपग्रहावर सौर सेल बसले आणि पुढची पंधरा वर्षे अवकाश हेच त्यांचे गिऱ्हाईक राहिले. अवकाशात किमतीला कोणी हटकत नव्हते, म्हणून किंमत उतरलीही नाही.

ती उतरवली एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने. एक्सॉन या तेल कंपनीच्या पैशावर त्यांनी १९७३ मध्ये सोलर पॉवर कॉर्पोरेशन सुरू केली. अर्धवाहक कारखान्यांनी नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या घ्यायच्या, त्या चौकोनी न कापता गोलच ठेवायच्या आणि उपग्रहाच्या दर्जाचा हट्ट सोडायचा, अशी त्यांची रीत होती. वॉटमागे १०० डॉलरच्या घरातील भाव २० डॉलरच्या आसपास आला. पहिले मोठे गिऱ्हाईकही तेलवालेच होते. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींच्या फलाटांवर इशाऱ्याचे दिवे लावावे लागत आणि त्यांच्या अवजड बॅटऱ्या वारंवार बदलण्याचा खर्च मोठा होता. सौर विजेला जमिनीवरची पहिली मोठी बाजारपेठ तेलाने मिळवून दिली, हा योगायोग नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेलवाल्यांनी हे पर्यावरणासाठी केले नाही. दिव्याचा खर्च वाचतो म्हणून केले.

फलाटावरचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, डोंगरमाथ्यावरची दूरसंचार केंद्रे या सर्व ठिकाणी साठवण शिशाच्या बॅटरीतच होती आणि १२ व्होल्ट हे तिथले नेहमीचे माप होते. म्हणून पॅनेलही त्याच मापाचे झाले. सिलिकॉनचा एक सेल काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट देतो. ३६ सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात. १४.४ व्होल्टच्या गरजेपेक्षा हे बरेच जास्त वाटते, पण उन्हात सेल तापतो आणि प्रत्येक अंशामागे त्याचा दाब सुमारे ०.४ टक्क्याने घसरतो. सेलचे तापमान ६५ अंशांवर गेले की १८ चे जेमतेम १५ उरतात, म्हणजे बॅटरी भरायला बेताचे पुरतात. ३६ हा आकडा असा उन्हाळ्यातल्या शिशाच्या बॅटरीने ठरवला. काही कंपन्यांनी ३० ते ३३ सेलची पॅनेल काढली. त्यांचा दाब आपोआपच कमी राहतो, तेव्हा कंट्रोलरची गरज नाही, असा त्यांचा दावा होता. थंड हवेत ते जमले. वाळवंटातल्या तापल्या छपरावर बॅटरी भरेचना.

बिल यर्क्स यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात सोलर टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल काढली. ती १९७७ मध्ये आर्को या तेल कंपनीने विकत घेतली आणि आर्को सोलर हे नाव पुढे आले. वरून कडक काच आणि सेलवर छपाईने काढलेल्या चांदीच्या रेघा हे पॅनेलचे रूप त्यांच्या कारखान्यात घडले आणि आजवर फारसे बदललेले नाही.

पॅनेल सामान्य माणसाच्या हाती पडले ते उत्तर कॅलिफोर्नियात. १९७०च्या दशकात शहर सोडून डोंगरात राहायला गेलेल्या तरुणांच्या वस्त्यांपर्यंत विजेच्या तारा पोचलेल्या नव्हत्या. जॉन शेफर यांनी १९७८ मध्ये मेंडोसिनो परगण्यातील विलिट्स गावी रिअल गुड्स हे दुकान काढले आणि तिथे सोलर पॅनेल सुट्या गिऱ्हाइकाला मिळू लागले. या डोंगरांत गांजाची चोरटी शेतीही जोरात होती. त्या शेतकऱ्यांकडे रोख पैसा होता आणि वीज कंपनीला पत्ता कळवण्याची इच्छा नव्हती. सुरुवातीच्या खपात त्यांचा वाटा मोठा होता. सौर उद्योगाच्या गौरवग्रंथांत या आश्रयदात्यांना जागा क्वचितच मिळते.

इथे फिरते घर आणि डोंगरातली झोपडी यांची देवाणघेवाण सुरू झाली. झोपडीत १२ व्होल्टची बॅटरी आली, पण १२ व्होल्टचे दिवे, पंप, पंखे आणायचे कुठून? ते ट्रेलर आणि मोटारघरांच्या सुट्या भागांच्या दुकानांत तयार मिळत. टेप गाडीचा, दिवा ट्रेलरचा, पंप मोटारघराचा अशी झोपडीची वायरिंग झाली. उलट दिशेने पॅनेल, तारांचे हिशेब आणि बॅटरी जपण्याच्या रीती झोपडीतून मोटारघरांत गेल्या. रिचर्ड आणि कॅरन पेरेझ यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये ओरेगनमधून 'होम पॉवर' हे मासिक काढले. त्यातून हे ज्ञान छापील झाले. कुठली तार किती जाड हवी, फ्यूज बॅटरीपासून किती जवळ असावा, रोजचा खर्च अँपिअर-तासांत (किती अँपिअर, किती तास) कसा मांडावा, हे मेकॅनिक नसलेल्या माणसालाही कळू लागले. मासिक २०१८ पर्यंत चालले. अमेरिकेच्या विद्युत संहितेत सौर यंत्रणांसाठी ६९० हे स्वतंत्र कलम १९८४ मध्येच आले होते, पण गाडीच्या छपरावर ते पाहायला कोणी जात नसे.

बॅटरीचा प्रश्न मात्र पॅनेलने सुटला नाही. गाडीच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. काही सेकंद प्रचंड विद्युतप्रवाह देणे हे तिचे काम, आणि रात्रभर हळूहळू रिकामी होणे तिला मानवत नाही. जाड पट्ट्यांची बॅटरी गोल्फच्या गाड्यांसाठी तयार होती. ट्रोजन कंपनीने १९५०च्या दशकात अशा गाड्यांसाठी बॅटऱ्या बनवायला सुरुवात केली होती. ६ व्होल्ट, सुमारे २२५ अँपिअर-तास, वजन २८ किलोच्या आसपास. दोन ओळीने जोडल्या की १२ व्होल्ट. अमेरिकी मोटारघरांत ही जोडी तीन दशके प्रमाण मानली गेली. तिच्याही अटी होत्या: निम्म्याहून अधिक रिकामी करायची नाही, दर काही आठवड्यांनी शुद्ध पाणी घालायचे आणि भरताना सुटणारा हायड्रोजन बाहेर जायला वाट ठेवायची. जर्मनीत सोनेनशाईन कंपनीने १९५७ मध्ये जेलची बंदिस्त बॅटरी काढली. पुढे काचेच्या तंतूंत आम्ल शोषून घेणारी एजीएम बॅटरी आली. पाण्याची कटकट गेली, वजन मात्र तसेच राहिले.

सौर विजेचा खरा उपयोग कळला तो अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात. हिवाळा उबदार ठिकाणी काढणारे निवृत्त लोक ॲरिझोनातील क्वार्टझसाइट गावाभोवती जमत. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने १९८३ मध्ये तिथे दीर्घ मुक्कामाचे पट्टे ठरवून दिले. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत थोड्या शुल्कात राहता येई. वीज आणि नळ मात्र नव्हते. कॅलिफोर्नियातील नाइलंडजवळ जुन्या लष्करी तळाच्या काँक्रीटच्या ओट्यांवर वसलेल्या स्लॅब सिटीत तर शुल्कही नव्हते. अशा ठिकाणी एकच पर्याय म्हणजे पेट्रोलचा जनरेटर, आणि शंभर गाड्यांच्या वस्तीत त्याचा आवाज शेजाऱ्यांची झोप उडवी. हिवाळ्यातही स्वच्छ ऊन देणाऱ्या या मुलखात ५० वॉटचे एक पॅनेल दिवसाला सुमारे २० अँपिअर-तास देई. दोन दिवे, रेडिओ आणि पंप यांना ते पुरत होते.

या लोकांना स्वस्त पॅनेल मिळण्यामागे एका मोठ्या प्रकल्पाचे अपयश होते. आर्को सोलरने १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील कॅरिसा मैदानावर ५.२ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला. तो त्या काळी जगातला सर्वांत मोठा होता. जास्त वीज मिळावी म्हणून पॅनेलच्या दोन्ही बाजूंना आरसे लावले. त्या जास्तीच्या उन्हात सेलवरचा प्लॅस्टिकचा थर तपकिरी झाला आणि उत्पादन घटले. १९९०च्या दशकात प्रकल्प मोडीत निघाला आणि तपकिरी झालेली हजारो पॅनेल जुन्या बाजारात आली. नवीन पॅनेलपेक्षा वीज थोडी कमी, भाव मात्र बराच कमी. कित्येक मोटारघरांचे आणि झोपड्यांचे पहिले पॅनेल हेच होते. कंपनीचा तोटा वाळवंटातल्या पेन्शनरांच्या पथ्यावर पडला.

कंट्रोलरही याच काळात सुधारले. सुरुवातीचे कंट्रोलर म्हणजे बॅटरी भरली की पॅनेल तोडणारा रिले. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या मॉर्निंगस्टारसारख्या कंपन्यांनी सेकंदात शेकडो वेळा जोडतोड करून दाब स्थिर ठेवणारे पीडब्ल्यूएम कंट्रोलर स्वस्तात आणले. त्यांत एक उणीव आहे. १८ व्होल्टचे पॅनेल थेट १२.६ व्होल्टच्या बॅटरीला जोडले की पॅनेलला बॅटरीच्या दाबावर उतरावे लागते, आणि १०० वॉटच्या पॅनेलमधून ७० वॉटच हाती लागतात. जास्तीच्या दाबाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करणारे एमपीपीटी कंट्रोलर ऑस्ट्रेलियात एईआरएल कंपनीने १९८०च्या दशकात विकायला काढले होते, पण छोट्या यंत्रणेत त्यांची किंमत आणखी एका पॅनेलच्या किमतीहून जास्त पडे. दोन दशके शहाणा हिशेब हाच होता की कंट्रोलर साधा घ्यावा आणि उरल्या पैशांत पॅनेल वाढवावे.

खर्चाची बाजू दिव्याने बदलली. ट्रेलरमधला नेहमीचा बल्ब १८ वॉटचा होता आणि पाच तासांत सात अँपिअर-तास खाई. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला, १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तेवढाच उजेड दोन वॉटमध्ये मिळू लागला. वाचलेली वीज कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या फ्रिजने घेतली. ऑस्ट्रेलियातील रानवाटांवर जपानी बनावटीचे एंजेल फ्रिज आधीपासून होते. गाडी कशीही कलली तरी ते चालत; गॅसच्या फ्रिजला गाडी सपाट उभी असावी लागते. असा फ्रिज दिवसाला ३० ते ५० अँपिअर-तास घेतो. गाडीतील सौर यंत्रणेचा आकार आजही मुख्यतः फ्रिजवरूनच ठरतो.

मग भाव कोसळला. जर्मनीने २००० मध्ये सौर विजेला हमीभाव देणारा कायदा केला, मागणी वाढली आणि चीनमध्ये कारखान्यांची रांग लागली. २००८ च्या सुमारास वॉटमागे ४ डॉलरच्या आसपास असलेला पॅनेलचा भाव २०१२ मध्ये एका डॉलरखाली गेला. स्वस्त झाली ती घरांच्या छपरांसाठी बनवलेली ६० सेलची, सुमारे ३० व्होल्टची पॅनेल. १२ व्होल्टच्या बॅटरीला ती साध्या कंट्रोलरने जोडली की निम्म्याहून अधिक वीज वाया जाते. त्यामुळे एमपीपीटी अपरिहार्य झाला, आणि खपू लागल्यावर तोही स्वस्त झाला. ३६ सेलची सक्ती इथे संपली.

बॅटरीतही बदल झाला, पण १२ व्होल्टची वहिवाट तिथे आणखी पक्की झाली. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ३.६ व्होल्टच्या आसपास. तीन जोडले तर ११ होतात आणि चार जोडले तर १४.४, दोन्ही जुन्या उपकरणांना आणि चार्जरना गैरसोयीचे. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९६-९७ मध्ये लोह फॉस्फेटचा धन अग्र शोधला. त्या सेलचा दाब ३.२ व्होल्ट आहे, आणि चार जोडले की १२.८. शिशाच्या बॅटरीची जागा घ्यायला रसायनशास्त्राने जणू मापे काढूनच सेल शिवला होता. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीचे वजन २८-३० किलो आणि त्यातली निम्मीच वीज वापरायची. लोह फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ११ ते १३ किलोची आणि जवळजवळ सगळी वापरता येते. शिवाय ती इतर लिथियम प्रकारांइतकी चटकन पेटत नाही. चार्ज करताना तापमान शून्य अंशाखाली असू नये, ही तिची अट. दुसरी अडचण अशी की ती अल्टरनेटरकडून इतका विद्युतप्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. साध्या रिलेऐवजी मध्ये हा प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर बसवण्याची रीत त्यामुळे पडली.

वापरणारेही बदलले. २००८ च्या मंदीत घर गमावलेले किंवा पेन्शन न पुरणारे अनेक अमेरिकी लोक व्हॅनमध्ये राहू लागले. बॉब वेल्स यांनी २०११ पासून क्वार्टझसाइटजवळ भरवलेल्या मेळाव्यात त्यांना स्वस्तात पॅनेल कसे बसवायचे हे शिकायला मिळे. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकात हे जग आले आहे. त्याच २०११ मध्ये छायाचित्रकार फॉस्टर हंटिंग्टन यांनी 'व्हॅनलाइफ' हा हॅशटॅग रूढ केला आणि समुद्राकाठच्या देखण्या गाड्यांची दुसरी लाट आली. एकाला वीजबिल परवडत नव्हते आणि दुसऱ्याला ते नकोसे वाटत होते. छपरावरचे सामान दोघांचे सारखेच होते. यंत्रणा जोडण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी पुढे बॅटरी, कंट्रोलर आणि इन्व्हर्टर एकाच खोक्यात भरलेली पॉवर स्टेशन आली. सोय मोठी, पण एक भाग बिघडला की सगळे खोके बाजूला ठेवावे लागते. सुट्या भागांच्या जुन्या मांडणीत मोडलेला भाग तेवढा बदलता येतो, आणि लांबच्या प्रवासात ती मांडणीच शहाणपणाची ठरते.

भारतात पहिला सौर सेल साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये बनवला. इथे ३६ सेलचे पॅनेल गाडीतून नव्हे, तर लोडशेडिंगमुळे घराघरांत आलेल्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटरीमुळे रुळले. भारतात कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ॲरिझोनातले हिशेब मात्र इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटमाथ्यावर दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, आणि त्या दिवसांत छपरावरचे पॅनेल फ्रिज चालवू शकत नाही. महाराष्ट्रात बारमाही फिरणाऱ्या गाडीत पॅनेलबरोबर अल्टरनेटरवरून भरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.